फुकट वाय-फायला फोन जोडला की लॉगिनचं पान आपोआप कसं येतं?

स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या फुकट वाय-फायला फोन जोडला की तुम्ही काहीही न उघडता मोबाइल नंबर मागणारं पान समोर येतं. ते पाठवतं कोण?

जोडणी होताच अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी विनंती पाठवतो. '२०४' हा कोड परत आला, तर इंटरनेट सुरू आहे असं तो समजतो. अशा वाय-फायवर ही विनंती गूगलपर्यंत पोहोचतच नाही. वाटेतला राउटर ती स्वतःच्या प्रोग्रामकडे वळवतो आणि तो प्रोग्राम गूगलच्या जागी उत्तर देतो: आधी लॉगिन करा.

वळवण्याची हीच युक्ती 'ट्रान्सपरंट प्रॉक्सी' वापरतो. नाव फसवं आहे. पारदर्शक म्हणजे सगळं उघड असा अर्थ इथे नाही. वापरणाऱ्याला तो दिसत नाही, एवढंच. साध्या प्रॉक्सीचा पत्ता सेटिंगमध्ये भरावा लागतो, याचा फोनला पत्ताच नसतो.

लिनक्सवर फायरवॉलला एक नियम दिला जातो: पोर्ट ८० कडे निघालेली जोडणी, समजा, ८०८० वर वळव. तिथे प्रॉक्सी सॉकेट उघडून, म्हणजे नेटवर्कवर कान लावून बसलेला असतो. खरी अडचण पुढे आहे. पाकिटावरचा पत्ता खोडून नवा लिहिलेला. मग ते मुळात कुणासाठी होतं, हे प्रॉक्सीला कसं कळणार? लिनक्सच्या कर्नलने जुना पत्ता नोंदवून ठेवलेला असतो. 'एसओ_ओरिजिनल_डीएसटी' हा पर्याय वापरून प्रॉक्सी तो विचारून घेतो, खऱ्या सर्व्हरकडे दुसरा सॉकेट उघडतो आणि इकडचं तिकडे पोहोचवत राहतो. फोनला वाटतं, आपण थेट सर्व्हरशीच बोलतोय.

मग तो तुमचं बोलणं वाचतो का? पत्ता 'एचटीटीपी'चा असेल तर वाचू शकतो, बदलूही शकतो. 'एचटीटीपीएस' असेल तर मजकूर कुलूपबंद असतो. साइटचं नाव तेवढं बहुतेक वेळा दिसतं. आत डोकवायचं तर प्रॉक्सीला साइटच्या नावाचं स्वतः बनवलेलं प्रमाणपत्र पुढे करावं लागतं आणि ब्राउझर लगेच इशारा देतो. बँकेच्या पानावर असा इशारा आला असताना 'तरीही पुढे जा' दाबलं, तर पासवर्ड मधल्याच्या हाती जाऊ शकतो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर हा इशारा येईलच असं नाही. काही कंपन्या आपलं प्रमाणपत्र त्यात आधीच बसवून देतात. पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून प्रमाणपत्र कुणी दिलंय ते पाहता येतं. तिथे कंपनीचंच नाव दिसलं, तर त्या लॅपटॉपवरून बँकेत लॉगिन न केलेलं बरं.