तिसरी रांग

मेहुण्यांना मोठी गाडी घ्यायची होती. चालवून पाहायला आम्हालाही घेऊन गेले. व्होल्वो एक्ससी ९०. लांबी सुमारे ५ मीटर, आसने ७. चाक हाती आले आणि आपला कर्वे रस्ता मला एकाएकी बोळाएवढा भासू लागला! तीन बिंदूंचा पट्टा १९५९ साली याच कंपनीने मोटारीत आणला; तो मुकाट्याने बांधला. शेजारी विक्रेता. मधली रांग मेहुण्यांनी आणि पोरांनी बळकावलेली. तिसऱ्या रांगेत शिरायचे तर मधले आसन सरकवून, वाकून चढावे लागते. तिथे गेली कोण? आमची आई, सत्तरीची, गुडघे धरून! "बरं आहे रे," म्हणाली. वळणावर आरशात तिचे घट्ट मिटलेले ओठ दिसले. मी गाडी कडेला घेतली आणि पोरांना मागे पिटाळले.