पाठांतराकडून आकलनाकडे : वैद्यकीय शिक्षणाचे पहिले वर्ष

नंदुरबार येथे २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि सातपुड्याच्या कुशीतील मुलांसाठी डॉक्टर होण्याची वाट जवळ आली. मात्र प्रवेश मिळवून देणारी अभ्यासपद्धती पुढे पुरेशी ठरत नाही, हे विद्यार्थ्यांनी व पालकांनी ध्यानी घ्यावे.

‘नीट’मध्ये १८० प्रश्न असतात आणि उत्तर चार पर्यायांतच दडलेले असते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन हे मुख्य विषय. तेथे उत्तर बहुधा स्वतः लिहावे लागते, तोंडी परीक्षेत परीक्षकासमोर मांडावे लागते. निवासी शाळेतील अभ्यासाची घंटाही तेथे वाजत नाही. म्हणून वेळ स्वतः ठरवावी, दिवसाचा पाठ त्याच रात्री पुस्तक मिटून आकृतीसह लिहावा आणि आठवड्याने पुन्हा लिहावा. जे आठवले नाही, तेथूनच दुसऱ्या दिवशीचा अभ्यास सुरू करावा.

विषय परस्परांशी जोडावेत. आपल्या भागातील भिल्ल, पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे जीवरसायन. प्राणवायू कमी होताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकून सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवते, ही शरीरक्रियेतील विकृती. त्या वाहिन्या प्लीहेत व हाडांत कशा पसरल्या आहेत, ही शरीररचना. एक आजार तिन्ही पुस्तके एकत्र आणतो.

जीवकाची कथा हेच सांगते. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर गुरूंनी त्यास योजनभर परिसरातून औषधी नसलेली वनस्पती आणावयास सांगितले. जीवक रिकाम्या हाती परतला आणि उत्तीर्ण झाला. गुरूंनी पाठांतर नव्हे, दृष्टी पारखली होती.

इंग्रजीचे दडपण येते. आशय प्रथम मराठीत समजून घ्यावा, मग इंग्रजी संज्ञांसह मोठ्याने सांगण्याचा सराव करावा. बाबासाहेबांनी ‘शिका’ यानंतर ‘संघटित व्हा’ असे सांगितले. तीन-चार जणांचा अभ्यासगट हे त्याचेच एक रूप होय. अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकलेले डॉ. राजेंद्र भारूड मुंबईत डॉक्टर झाले आणि पुढे याच जिल्ह्याचे जिल्हाधिकारी झाले.

पहिल्या चाचणीत गुण घसरले, तर पालकांनी मुलाच्या कुवतीवर शंका घेऊ नये. पद्धत बदलावयास वेळ लागतो. माजी विद्यार्थ्यांनी पहिल्या सहा महिन्यांत नव्या मुलांची विचारपूस करावी. घराण्यातील पहिला डॉक्टर तेथे एकटा पडता कामा नये.