आण्यांचे पैसे होताना

संस्थेची सूत्रे ज्याच्या हाती असतात त्याला फेरबदल करण्याचा अधिकार सहज मिळतो. त्या फेरबदलातून निघणारी तूट कोणाच्या माथी बसेल, हे आधी पाहण्याची जबाबदारी मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते. या जबाबदारीचे एक अगदी घरगुती उदाहरण आज घ्यावयाचे आहे. ते म्हणजे १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात सुरू झालेले दशमान नाणे.

त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै असा हिशेब असे. १९५५ च्या कायद्याने रुपयाचे १०० भाग करावयाचे ठरविले. यात शहाणपण असे की, ज्या रुपयावर लोकांचे पगार, ठेवी, कर्जे व करार उभे होते, त्याला हात लावला नाही. अधेली आणि पावली यांचेही सरळ ५० आणि २५ झाले. आर्थिक वर्षाचा पहिला दिवस निवडला, व जुनी नाणी काही काळ नव्यांबरोबर चालू ठेवली. नव्या नाण्याला 'नया पैसा' म्हटले, कारण जुना पैसा त्याच्या दीडपटीहून अधिक मोलाचा होता. दोघांचे नाव एकच राहते, तर बाजारात रोज तंटे होते. अक्षरओळख नसलेल्यालाही एकाचे गोल व पाचाचे चौकोनी नाणे बोटांनी ओळखता येई.

खरी अडचण होती अपूर्णांकांची. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे, दोन आण्यांचे साडेबारा. आता पाव किंवा अर्धा नवा पैसा द्यावयाचा कसा? कायद्याने नियम घालून दिला की, जवळचे पूर्ण नाणे धरावे. दोन्ही बाजू सारख्याच अंतरावर असल्यास खालचे धरावे. म्हणून दोन आण्यांचे १२ आणि तीन आण्यांचे १९. नियम निःपक्षपाती दिसतो, आणि बहुतेक व्यवहारांत तो तसा होताही. परंतु जुन्या एका पैशाचे, म्हणजे १.५६ चे, या नियमाने २ होतात. एका आण्याची कोथिंबीर एकदम घेणारीला ६ नवे पैसे पडावयाचे. तीच चार वेळा पैसा-पैशाची घेणारीला ८. कोणी लबाडी केलेली नाही, गणितातही चूक नाही. तरी जी रोजच्या मजुरीतून रोजचे मीठमिरची आणते, तिला एक-तृतीयांश जास्त मोजावे लागतात. महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्या घराला याची वार्ताही नसते.

बँकेत, कचेरीत किंवा सहकारी संस्थेत नवी पद्धत येते तेव्हाही संचालकांपुढे सरासरीचा तक्ता ठेवला जातो. एकंदरीत नफातोटा नाही, असे त्यावरून दिसते आणि ठराव संमत होतो. माझ्या मते त्या बैठकीत सर्वांत लहान व्यवहाराचा हिशेब स्वतंत्रपणे मागितला पाहिजे, कारण तूट तेथेच साचते. ती भरून काढावयाची कोणी, हे बदल अमलात येण्यापूर्वी लिहून ठेवावे. मागाहून प्रत्येक जण नियमाकडे बोट दाखवितो.

ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी आपल्या पौंडाच्या २४० पेन्सांचे १०० केले, तेव्हा हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. नवा पेनी जुन्या २.४ पेन्सांचा, म्हणजे फुटकळ खरेदीला मोठाच. म्हणून अर्ध्या नव्या पेनीचे नाणे पाडले. ते १९८४ पर्यंत चालले. धनादेशांचे साचलेले काम उरकण्यासाठी बँकांनी १० फेब्रुवारीच्या दुपारपासून आपली दारे बंद ठेवली. इतका खोळंबा पत्करणे सोपे नव्हे.

आपल्याकडे 'नया' हा शब्द १ जून १९६४ पासून गळाला. आणा मात्र बोलण्यातून गेला नाही. महसूल खात्याने पिकांच्या आणेवारीची पैसेवारी केली, तरी गावोगाव तिला आणेवारीच म्हणतात.