मुलगा किंवा मुलगी तुम्हाला अमेरिकेत बोलावत असेल तर: अधिवास आणि आर्थिक आधाराचा पुरावा

तुमचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचे नागरिक असून वयाची २१ वर्षे पूर्ण असतील, तर आई-वडिलांना तिथे कायमचे राहता यावे यासाठी ते अर्ज करू शकतात. त्यांना प्रायोजक म्हणतात. हा अर्ज मंजूर झाल्यावर प्रायोजकाला ‘आय-८६४’ हे आर्थिक आधाराचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात: अमेरिकेतील अधिवास आणि पुरेसे उत्पन्न. एक भक्कम आहे म्हणून दुसरी माफ होत नाही.

अधिवास म्हणजे काय?

प्रायोजकाचे मुख्य घर अमेरिकेत असणे आणि पुढेही तिथेच राहण्याचा इरादा असणे. नुसता अमेरिकी पासपोर्ट पुरत नाही. आपल्याकडे तहसील कार्यालयातून मिळणारा अधिवास दाखला इथे चालत नाही. या कामासाठी एकच ठरलेला दाखला नसतो. अनेक कागद एकत्र पाहून खात्री केली जाते.

प्रायोजक सध्या भारतात राहत असेल तर?

समजा, मुलगा अमेरिकी नागरिक आहे, पण नोकरीसाठी पुण्यात किंवा बंगळुरूत राहतो. अशा वेळी त्याला पुढीलपैकी एक गोष्ट दाखवावी लागते:
• आपण तात्पुरते बाहेर आहोत आणि अमेरिकेतील घराशी संबंध कायम आहे, किंवा
• तुम्ही अमेरिकेत प्रवेश कराल त्या दिवसापर्यंत आपण तिथे राहायला गेलेलो असू.

उपयोगी पुरावे: घराचा भाडेकरार, तिथल्या नोकरीचे पत्र, बँक खाते, वाहन परवाना, मतदानाची नोंद, मुलांचा शाळाप्रवेश आणि अमेरिकेत भरलेली कर विवरणपत्रे. विवरणपत्र भरणे बंधनकारक असूनही राहून गेले असेल, तर ते आधी भरून घ्यावे.

उत्पन्न किती हवे?

कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या किमान १२५ टक्के. कुटुंबात प्रायोजक, त्याचे अवलंबित आणि तुम्ही स्वतः मोजले जाता. मुलगा, सून, नातू आणि आई असे चौघे असतील, तर २०२५ च्या तक्त्यानुसार वर्षाला सुमारे ४०,१८७ डॉलर लागतात (अलास्का व हवाई येथे जास्त). तक्ता दरवर्षी बदलतो.

भारतातील पगार अमेरिकेत गेल्यावर बंद होणार असेल, तर तो धरला जात नाही.

उत्पन्न कमी पडले तर?

१. मालमत्ता दाखवता येते. आई-वडिलांच्या बाबतीत ती तुटीच्या पाचपट हवी. ४,००० डॉलर कमी पडत असतील, तर २०,००० डॉलरची मालमत्ता. तुमच्या नावावरची मालमत्ताही चालते. मात्र तिचे वर्षभरात रोख पैसे करता आले पाहिजेत आणि ते भारताबाहेर नेता आले पाहिजेत.

२. सहप्रायोजक घेता येतो. तो अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि तिथे अधिवास असलेला हवा.

लक्षात ठेवा: सहप्रायोजक फक्त उत्पन्नाची उणीव भरून काढतो. मुलाचा अधिवास सिद्ध होत नसेल, तर श्रीमंत काका किंवा मावसभाऊ पुढे आला तरी व्हिसा मिळत नाही.

सही करण्यापूर्वी

हे प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदेशीर करार आहे. तुम्ही अमेरिकेचे नागरिक होईपर्यंत, किंवा तिथल्या कामाच्या ४० तिमाह्या (साधारण १० वर्षे) तुमच्या नावे जमा होईपर्यंत तो टिकतो. तुम्ही तिथला दर्जा सोडून कायमचे परतलात, किंवा तुमचे अथवा प्रायोजकाचे निधन झाले, तर तो त्याआधी संपतो. मधल्या काळात तुम्ही उत्पन्नावर आधारित सरकारी मदत घेतली, तर तिची वसुली प्रायोजकाकडून होऊ शकते. म्हणून ज्या नातेवाइकाला सही करायला सांगाल, त्याला हे आधी समजावून सांगा. कोऱ्या फॉर्मवर सही कोणाकडूनही घेऊ नका.

मुलाखतीची तारीख येण्याची वाट न पाहता अधिवासाचे कागद आधी गोळा करा, कारण पैशांची तूट भरून काढायला दुसरा माणूस मिळू शकतो, अधिवासाची नाही.