जळालेली मोटार काय सांगते?

वडगावच्या यंत्रमागांच्या मोटारी माझ्याकडे रिवाइंडिंगला येतात. मोटार जळाली की मागवाल्याची दोन दिवसांची मजुरी बुडते. तो तांब्याला दोष देतो. मी झाकण काढून दाखवतो. स्टार जोडणीत दोन फेजची कॉइल काळी ठिक्कर, तिसऱ्याची कोरी? म्हणजे एक फेज गेला असताना मोटार चालत राहिली. डेल्टात एकाच फेजची जळते. व्होल्टेजमध्ये नुसता ३ टक्के असमतोल असला तरी तापमानवाढ सुमारे १८ टक्क्यांनी चढते. वाइंडिंग दर १० अंश जादा तापले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे! बेअरिंगची खरखर निदान कानाला कळते, हे कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा टाँगटेस्टरने तिन्ही फेजचा करंट वहीत लिहा. एक आकडा वेगळा पडला, तर आधी फ्यूज आणि स्टार्टरचे काँटॅक्ट तपासून घ्या.