लावलेला सापळा आणि मिटलेला सापळा



मागच्या हिवाळ्यात पाड्यावरच्या एका आईने मला एक प्रश्न विचारला. तिचे दोन महिन्यांचे बाळ आदल्या वर्षी गेले होते. आधी साधी सर्दी, मग दूध ओढेना, मग श्वास घेताना बरगड्या आत जाऊ लागल्या. बडव्याने पोटावर डाम दिले. निरोप आमच्यापर्यंत उशिरा आला आणि गाडी घाट उतरायच्या आतच बाळ गेले. दीड महिन्याची सुई त्याला दिलेली होती. आई म्हणाली, "ताई, सुई दिली तरी गेलं. का सुईनंच गेलं?"

मी घाईने म्हणाले, "लसीनं कधी कुणाचं वाईट होत नाही." तिने मान हलवली, पण तिला ते पटले नव्हते. आणि पुढे मी वाचायला बसले तेव्हा कळले की माझे उत्तरही पूर्ण खरे नव्हते.

त्या बाळाला नेमके काय झाले होते, हे कोणी तपासले नाही. पण अशा वयाच्या बाळांच्या छातीचा सर्वांत मोठा शत्रू कोण, हे आता जगाला ठाऊक आहे. त्या विषाणूला डॉक्टर आरएसव्ही म्हणतात. मोठ्यांना त्याने बहुतेक वेळा नुसते नाक गळते. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या मात्र सुजून बंद होतात. २०१९ या एका वर्षात जगभर पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके या विषाणूने दगावली असा अंदाज आहे, आणि त्यांतली जवळजवळ सगळी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. आपल्या मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने गावोगावच्या आजारी बालकांच्या नाकातले नमुने तपासून घेतले, तेव्हा तिथेही तो सापडला. दीड महिन्याच्या लसींमध्ये न्यूमोनियाची म्हणून जी लस असते ती एका जिवाणूविरुद्धची. या विषाणूवर तिचा उपयोग नाही.

मग याच्यावर लस का नाही? माझ्या उत्तरातली चूक इथे आहे.

हा विषाणू १९५६ मध्ये सापडला आणि दहा वर्षांत अमेरिकेत त्याची लस तयार झाली. पद्धत जुनी व भरवशाची होती, साल्कच्या पोलिओ लसीसारखीच: विषाणू फॉर्मालिनमध्ये मारायचा आणि टोचायचा. १९६६ च्या सुमारास ती वॉशिंग्टनमधल्या तान्ह्या बाळांना दिली गेली. हिवाळा आला, विषाणू पसरला, आणि उलटेच झाले. लस घेतलेल्या ज्या बाळांना संसर्ग झाला त्यांतल्या ८० टक्क्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. ही लस न मिळालेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होते. लस घेतलेली दोन बाळे मरण पावली. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. त्या दोन आयांनीही कोणाला तरी हाच प्रश्न विचारला असेल.

त्यानंतर कित्येक वर्षे या लसीला हात लावायला कोणी धजेना. बार्नी ग्रॅहम या अमेरिकन डॉक्टरांनी मात्र १९८० च्या दशकात हाच विषय घेतला. आधी त्यांनी नवी लस शोधलीच नाही. जुनी का फसली ते उंदरांवर वर्षानुवर्षे तपासले. त्यांना दिसले की त्या लसीने शरीराला लढायला शिकवले खरे, पण चुकीचे. विषाणू अडत नव्हता आणि फुप्फुसातली सूज मात्र वाढत होती.

आपल्या रक्तात प्रतिपिंडे असतात. शत्रूच्या अंगावरचा एखादा आकार ओळखून ती त्याला घट्ट चिकटतात. आरएसव्हीच्या अंगावर एफ नावाचे प्रथिन असते. त्याचे काम उंदराच्या सापळ्यासारखे समजा. लावलेला सापळा ताणलेला असतो. पेशीला लागताच तो खटकन मिटतो, आणि त्या झटक्यात विषाणू पेशीत शिरतो. प्रतिपिंडाने पकडायचे ते सापळा लावलेला असताना. मिटल्यावर धरून काय उपयोग? फॉर्मालिनच्या लसीत बहुतेक सापळे आधीच मिटलेले होते. बाळांच्या शरीराने तोच आकार पाठ केला.

अडचण अशी की लावलेला सापळा इतका नाजूक की प्रयोगशाळेत हात लावताच मिटायचा. २००८ मध्ये जेसन मॅक्लेलन हा तरुण शास्त्रज्ञ अमेरिकेच्या सरकारी लस संशोधन केंद्रात आला. तो ज्या गटात आला होता तिथे जागा नव्हती, म्हणून त्याला ग्रॅहम यांच्या मजल्यावर बसवले, आणि त्यातून ही जोडी जमली. (आमच्याकडेही जागेची टंचाई आहे, तिचे असे फळ अजून मिळालेले नाही!) नेदरलँड्समधल्या संशोधकांनी माणसाच्या रक्तपेशींतून मिळवलेले डी-२५ नावाचे प्रतिपिंड त्यांनी हाताशी घेतले. ते लावलेल्या सापळ्यालाच चिकटते आणि त्याला तसेच धरून ठेवते. २०१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या प्रथिनाचा खरा आकार प्रथमच दिसला. मग त्यांनी त्याच्या रचनेत मोजके बदल केले. सुतार जसा एका जागी खिळा ठोकतो आणि पोकळ जागी पाचर मारतो, तसे. सापळा मिटायचा थांबला. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत विषाणू अडवणारी प्रतिपिंडे कित्येक पटींनी वाढली.

हीच युक्ती पुढे करोनाच्या काट्यावर वापरली गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्होव्हॅक्समध्ये ती आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्डमध्ये नव्हती.

आरएसव्हीची लस २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पण ती तान्ह्या बाळाला टोचत नाहीत. गरोदर आईला टोचतात. तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि बाळ ती घेऊनच जन्माला येते. मोठ्या चाचणीत बाळांचा गंभीर आजार पहिल्या तीन महिन्यांत सुमारे ८२ टक्क्यांनी आणि सहा महिन्यांपर्यंत ६९ टक्क्यांनी कमी झाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची थोडी शंका आल्यामुळे अमेरिकेत ती ३२ ते ३६ आठवड्यांतच देतात. दुसरा मार्ग म्हणजे डी-२५ मध्ये सुधारणा करून बनवलेले प्रतिपिंडच बाळाला एकदा टोचायचे. ते साधारण पाच महिने, म्हणजे एक हंगाम, पुरते. बाळांना थेट द्यायच्या एका नव्या लसीची चाचणी २०२४ मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्यांत गंभीर आजार जास्त दिसला. या वेळी लक्ष ठेवणारे जागे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये आईची लस आणि बाळाचे प्रतिपिंड या दोन्हींची शिफारस केली. आपल्या सरकारी लसीकरणात मात्र यांतले काहीच अजून आलेले नाही, आणि विकत घेणे आमच्या पाड्यावरच्या कोणालाच परवडणारे नाही. तोवर आमच्या हातात अंगावरचे दूध, चुलीचा धूर बाळापासून दूर ठेवणे, आणि बरगड्या आत जाताना दिसल्या की बडव्याच्या आधी १०८ ला फोन, एवढेच आहे.

गेल्या महिन्यात मी त्या आईकडे पुन्हा गेले. ती आता सहा महिन्यांची गरोदर आहे. मी तिला सापळ्याची गोष्ट सांगितली आणि त्या दोन बाळांचीही सांगितली, काही न लपवता. तुझ्या बाळाला दिलेली सुई वेगळ्या रोगांची होती, तिने ते गेले नाही, हेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांनी चूक कबूल केली, हे बरं केलं." आणि थोड्या वेळाने, "ती आईची सुई आपल्याकडे कधी येईल?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही." तिचे दिवस ऐन थंडीत भरतील. आशाताईंचा आणि माझा नंबर तिच्या सासूने दाराच्या फळीवर कोळशाने लिहून घेतला आहे.