अरेंजर कीबोर्डवरील स्वनिर्मित तालध्वनी आणि त्यांच्या नोंदी

अरेंजर कीबोर्ड हे वाद्य विवाहसमारंभ, गणेशोत्सव, भावगीतांचे कार्यक्रम आणि शाळांची स्नेहसंमेलने यांत आता इतके रुळले आहे की, त्याची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. डाव्या हाताने स्वरसंगती धरावी आणि तिला अनुसरून ताल, खर्जातील साथ व इतर भरणा वाद्याने आपण होऊन करावा, हे त्याचे तत्त्व होय. या साथीच्या तयार आराखड्यास ‘स्टाईल’ म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक स्टाईली पाश्चात्त्य तालवाद्यांवर आधारलेल्या असतात. यमाहाच्या पीएसआर-आय मालिकेसारखी खास भारतासाठी काढलेली वाद्ये सोडली, तर त्यांत तबला किंवा ढोलकी आढळलीच तर ती नावापुरती. साहजिकच वादक स्वतःचे तालध्वनी तयार करून वाद्यात भरतो आणि कार्यक्रमाच्या वेळी एका बटणासरशी हवी ती मांडणी मिळावी म्हणून तिची नोंदही करून ठेवतो. अडचणीस सुरुवात होते ती येथूनच.

या लेखास निमित्त झालेली घटना आपल्या विभागातीलच आहे. विभागात पूर्वी अध्यापन केलेल्या एका तबलावादकांनी निवृत्तीपूर्वी एका सकाळी बसून आपले बोल एकेक करून ध्वनिमुद्रित करून दिले होते. त्यांचा संच कीबोर्डात भरण्यात आला, दहा नोंदी तयार झाल्या, आणि दोन वर्षे त्या विनातक्रार चालल्या. पुढे एका विद्यार्थ्याने दुसरा एक ध्वनिसंच वाद्यात भरला. त्याच आठवड्यात नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात तिसरे बटण दाबताच तबल्याच्या जागी विलायती ड्रमचा खडखडाट सुरू झाला. गायिकेने प्रसंगावधान राखून आलाप लांबविला. परंतु तो तबला परत आला नाही. मूळ ध्वनिमुद्रणे ‘आता वाद्यात आहेतच’ म्हणून पूर्वीच पुसून टाकण्यात आली होती. दोष विद्यार्थ्याचा नव्हता. वाद्यात काय कोठे साठते याची कल्पना आम्हा अध्यापकांनाच नव्हती.

नोंदीची कल्पना मुळात जुनी आहे. नाट्यसंगीताच्या साथीस ऑर्गन वाजविणाऱ्यांना ठाऊक असते की, कोणते स्टॉप ओढले आहेत यावर वाद्याचा रंग ठरतो. पाश्चात्त्य ऑर्गनवादनात स्टॉपांच्या या निवडीलाच ‘रजिस्ट्रेशन’ ही संज्ञा आहे आणि यमाहाच्या कीबोर्डांवर नोंदीच्या बटणांना तेच नाव मिळालेले आहे. विद्युत्-वाद्यांच्या आरंभकाळी वादक प्रत्येक खुंटीची स्थिती कागदावर आखून ठेवीत असत. १९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-५ या वाद्याने ही कटकट दूर केली. त्यात वादकाने जुळविलेल्या ४० ध्वनिरचना वाद्याच्याच स्मृतीत राहत. मात्र त्या वाद्यात ध्वनी म्हणजे खुंट्यांच्या स्थितीच होत्या. स्थिती जपली की ध्वनी जपला जाई. आजच्या कीबोर्डात तसे नाही, आणि हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच पुष्कळ घोटाळा होतो.

आजच्या वाद्यात परस्परांवर अवलंबून असलेले चार थर मानावे लागतात. तळाशी प्रत्यक्ष ध्वनिनमुना, म्हणजे ‘ना’ किंवा ‘घे’ या एका आघाताचे मुद्रण. त्यावर ड्रम-किट, कोणत्या पट्टीवर कोणता नमुना वाजावा याचा तो नकाशा होय. त्यावर स्टाईल; तिच्यात ध्वनी नसतो, केवळ अमुक क्षणी अमुक पट्टी अमुक जोराने दाबली जावी असे आदेश असतात. सर्वांत वर नोंद. नोंदीत ध्वनीही नसतो आणि तालही नसतो. अमुक स्टाईल, अमुक किट, अमुक लय, अमुक स्वरपट्टी, एवढे पत्ते तिच्यात लिहिलेले असतात. घर पाडले तरी पाकिटावरचा पत्ता शाबूत राहतो. पत्र मात्र भलत्याच दारी जाते.

हे पत्ते कसे असतात? १९८३ मध्ये प्रसृत झालेल्या मिडी या सर्वमान्य संकेतानुसार ध्वनीची निवड एका क्रमांकाने होते आणि तो क्रमांक ० ते १२७ यांपैकी असतो. एवढ्याने भागेना म्हणून त्याच्या मागे पेढीचे, म्हणजे बँकेचे, दोन क्रमांक जोडण्यात आले. तेही प्रत्येकी ० ते १२७. अशा रीतीने १२८ × १२८ × १२८ म्हणजे २०,९७,१५२ पत्ते शक्य होतात. या पत्त्यात ध्वनीचे नाव कोठेही नाही, हे विशेष लक्षात घ्यावे. ‘गुरुजींचा तबला’ हे नाव पडद्यावर आपल्या सोयीसाठी दिसते. स्टाईल मात्र किट शोधते ते आकड्यांवरून. नवा संच भरताना जुन्या किटचा आकडा बदलला किंवा ती जागा रिकामी झाली, तर वाद्य बहुधा तक्रार करीत नाही. जवळचा एखादा मानक ड्रम ते मुकाट्याने पुढे करते. वाद्य बंद पडले असते तर आम्ही तत्काळ सावध झालो असतो. (पडद्यावर हे क्रमांक पुष्कळदा १ पासून मोजून दाखवितात, त्यामुळे हिशेबात एकाचा फरक पडतो, हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते.)

आमच्या बाबतीत नेमके काय झाले तेही आता स्पष्ट करता येईल. यमाहाच्या पीएसआर-एसएक्स९०० सारख्या वाद्यांत बाहेरचे ध्वनी ‘पॅक’ या स्वरूपात भरतात. संगणकावरील एक्स्पान्शन मॅनेजर या साधनाने पॅक तयार करून पेनड्राइव्हद्वारे वाद्यात नेतात. नवा पॅक भरताना आधी भरलेले सर्व विस्तारध्वनी पुसले जातात. म्हणून जुने आणि नवे सर्व संच संगणकावर एकत्र करून त्यांचा एकच पॅक करावा लागतो. आमच्या विद्यार्थ्याने नवा संच तेवढा भरला. नोंदी जशाच्या तशा राहिल्या आणि किट मात्र नाहीसे झाले. कोर्गच्या पीए मालिकेत व्यवस्था निराळी आहे. तेथे नमुने, ध्वनी, स्टाईली व नोंदी एका ‘सेट’ नावाच्या संचिकेत वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. संपूर्ण संचिका एकदम जतन केली व एकदम भरली तर पत्ते आणि घरे यांची फारकत होत नाही. मात्र दुसऱ्याचा संपूर्ण सेट उतावीळपणे भरणाऱ्याचे स्वतःचे काम त्याखाली गाडले जाते.

आता किटविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण संगीतदृष्ट्या खरा विचार तेथेच करावा लागतो. १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडी या मानकानुसार दहावी वाहिनी तालवाद्यांसाठी राखलेली आहे आणि ३५ ते ८१ या क्रमांकांच्या पट्ट्यांवर ४७ तालध्वनी नेमून दिलेले आहेत: ३६ वर बेस ड्रम, ३८ वर स्नेअर, ४२ वर मिटलेली हाय-हॅट, ४६ वर उघडी हाय-हॅट. तबल्याचे किट करू इच्छिणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. एक, आपल्या बोलांची आपल्या सोयीने स्वतंत्र मांडणी करणे. असे केल्यास स्टाईलीही स्वतःच लिहाव्या लागतात. दुसरा मार्ग म्हणजे ३६ वर ‘घे’, ३८ वर ‘ना’, ४२ वर ‘ते’ आणि ४६ वर ‘तिन’ बसविणे. मग तयार असलेली कोणतीही आठ मात्रांची विलायती स्टाईल तबल्यावर वाजू लागते. हा मार्ग सोपा खरा, परंतु निघणारा ठेका केरव्याच्या अंगाने जाईलच असे नाही. स्नेअरचा आघात दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर ठाम पडतो आणि तबल्याच्या कपड्यात विलायती मनुष्य चालतो आहे असे वाटत राहते. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिलाच मार्ग कष्टाचा असला तरी स्वीकारावा.

दुसऱ्या मार्गाचा एक अनपेक्षित गुण मात्र सांगितला पाहिजे. हाय-हॅटचे ४२, ४४ व ४६ हे ध्वनी परस्परनिरोधी असतात. उघड्या झांजेचा नाद चालू असता मिटलेला आघात आला की पहिला तत्काळ थांबतो. ४६ वर ‘तिन’ आणि ४२ वर ‘ते’ ठेवल्यास हाच नियम तबल्याला लागू पडतो, आणि तो बरोबरच आहे, कारण शाईवर दाबून मारलेला ‘ते’ आधीची आस बंद करतो. डग्ग्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही. ३६ वरील ‘घे’ घुमत असता ३७ वर ठेवलेला ‘क’ वाजला, तरी घुमारा चालूच राहतो. प्रत्यक्षात डग्ग्यावर पंजा पडताच तो थांबावयास हवा. यासाठी ‘घे’ व ‘क’ यांचा स्वतंत्र निरोधी गट किट तयार करतानाच नेमावा लागतो. अनेक स्वनिर्मित किटांत तबला बरा वाटतो पण डग्गा गढूळ वाटतो, त्याचे कारण बहुधा नमुन्यांत नसून या विसरलेल्या गटात असते. आणखी एक मर्यादा अशी की, घिस्सा देऊन चढविलेला ‘घे’ हा ‘घे’चा केवळ जोरकस प्रकार नव्हे. तो स्वतंत्र नमुना म्हणून वेगळ्या पट्टीवर ठेवला तरच ठेक्यात जीव येतो.

स्वरपट्टीचा प्रश्न याहूनही बिकट आहे. गायकाने काळी एक ऐवजी पांढरी चार मागितली की वादक ट्रान्स्पोजचे बटण दाबतो. सर्व साथ चार अर्धस्वर वर सरकते, तबला मात्र काळी एकमध्येच राहतो. ही वाद्याची चूक नव्हे. किटमध्ये प्रत्येक पट्टीवर निराळे वाद्य असल्याने तालाचे आदेश दोन अर्धस्वर सरकविले, तर बेस ड्रमच्या जागी स्नेअर वाजू लागेल. म्हणून तालवाहिनी स्थलांतरापासून मुक्त ठेवलेली आहे. विलायती ड्रमला त्याची क्षिती नसते. तबला षड्जात मिळविलेला असतो, आणि चार अर्धस्वरांचे अंतर कोणाही श्रोत्याच्या कानास टोचते. यावर उपाय म्हणून नमुन्याचा स्वर चढवावा, तर मुद्रण अधिक वेगाने वाजवावे लागते. चार अर्धस्वरांसाठी हे गुणोत्तर सुमारे १.२६ येते, आणि दोन सेकंदांची आस १.६ सेकंदांत संपते. शिवाय चाटेचा आघातही लहान मुलाच्या आवाजासारखा पातळ होतो. एखाद-दुसरा अर्धस्वर चढविणे वा उतरविणे खपून जाते; त्यापलीकडे वेगळ्या स्वरात मिळविलेल्या तबल्याचे नवे मुद्रणच हवे.

हे वाटते तितके खर्चिक नाही. बारा बोल, प्रत्येकाचे हलक्यापासून जोरकसापर्यंत चार आघात, प्रत्येक मुद्रण दोन सेकंदांचे धरले तर एकूण ९६ सेकंद होतात. एका वाहिनीच्या, सेकंदास ४४,१०० नोंदींच्या व १६ बिटांच्या मुद्रणास प्रतिसेकंद ८८,२०० बाइट लागतात. म्हणजे एक संच सुमारे साडेआठ मेगाबाइटांचा झाला. चार स्वरांतील चार संच ३४ मेगाबाइटांत मावतात, आणि वर उल्लेखिलेल्या वाद्यात विस्तारध्वनींसाठी सुमारे एक गिगाबाइट जागा असते. अडचण असते ती वादकास चार वेळा तबला मिळवून तेच बोल तितक्याच समतोलाने वाजवावे लागण्याची.

नोंद करताना कोणते घटक तिच्यात घ्यावयाचे हे बहुतेक वाद्यांत निवडता येते. लय आणि स्थलांतर विचार न करता घेतले, तर कार्यक्रमात ध्वनी बदलण्यासाठी दाबलेले बटण गायकाची पट्टीही बदलून टाकते. यमाहाच्या ‘फ्रीझ’ या सोयीने काही घटक तात्पुरते गोठवून ठेवता येतात, तिचा उपयोग येथे करावा. तसेच चालू स्टाईलमध्ये पडद्यावरून किट बदलले, तरी स्टाईल पुन्हा निवडताच तिच्यातील मूळ आदेश परत लागू होतो. म्हणून तो बदल स्टाईलच्या स्वतंत्र प्रतीत जतन करून मग त्या प्रतीची नोंद करावी. ती प्रत पेनड्राइव्हवर असेल तर पेनड्राइव्ह जोडलेला नसताना नोंद लंगडी पडते, हे निराळे सांगावयास नको.

विभागात आता एक पद्धत ठरविण्यात आली आहे. प्रत्येक बोलाचे मूळ मुद्रण साध्या वेव्ह स्वरूपात, कोणतीही काटछाट न करता, दोन ठिकाणी ठेवावयाचे. किट, पॅक किंवा सेट हे त्या त्या कंपनीच्या वाद्यालाच वाचता येतात आणि वाद्य बदलले की पुष्कळदा निरुपयोगी ठरतात. वेव्हचे तसे नाही. त्यासोबत कागदावर एक तक्ता: पट्टीचा क्रमांक, बोल, तबल्याचा स्वर, निरोधी गट, किटचे तिन्ही पत्तांक, वाद्याचे नाव व त्यातील प्रणालीची आवृत्ती. नवा संच भरण्यापूर्वी हा तक्ता पाहिल्याची सही करावयाची. सहीची अट काही सहकाऱ्यांना कारकुनी वाटली. ती तशी आहेच, पण ती काढून टाकण्यास मी राजी नाही.

हरवलेल्या संचाबद्दल सांगावयाचे तर, त्या गृहस्थांचे हात आता वाजवीत नाहीत. पूर्वीच्या एका कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात त्यांचे बोल कीबोर्डातून वाजलेले आहेत, परंतु त्यांवर गायन व ऑर्गनची साथ चढलेली आहे. त्यातून आतापर्यंत ‘ना’चे दोन आणि ‘घे’चा एक असे तीन स्वच्छ आघात, गायिका श्वास घेत असतानाच्या जागांवरून, वेगळे काढता आले आहेत. ते काळी एकमधील आहेत. तक्त्यात त्यांची नोंद ३८ व ३६ या पट्ट्यांवर केलेली असून उरलेल्या जागा तूर्त रिकाम्या ठेविल्या आहेत.